शाळेनं नाव पाठवलंय, ते लिहायचं कुठे?

दर ऑगस्टला मला ओळखीचे, अर्धओळखीचे आणि अजिबात अनोळखी मराठी आईबाप फोन करतात. एक ऑगस्टला कॉमन ॲपचं, म्हणजे शेकडो अमेरिकन कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाचं, नवं वर्ष उघडतं, आणि मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलच्या गायडन्स ऑफिसात काम करते ही बातमी आमच्या मंडळाच्या गणपतीत कधीच फुटलेली आहे. मी काउन्सेलर नाही. मी ट्रान्सक्रिप्ट पाठवते, फायली लावते, फोन घेते. हिवाळा सरताना कॉलेजांकडून आणि संस्थांकडून "तुमच्या शाळेतून एक नाव कळवा" अशी जी पत्रं येतात, ती योग्य टेबलावर पोचवते आणि मुदतीच्या आत उत्तर जातंय ना हे बघते. निवड माझ्या हातात नसते, पण ती होते तेव्हा मी बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी फायली घेऊन उभी असते.

प्रश्न ठरलेला. "अगं, तिला शाळेनं कसलंसं ॲवॉर्ड दिलंय. तिनं अर्जबिर्ज काही केला नव्हता. रेझ्युमेवर टाकायचं का?"

यात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाच्या मते ज्यासाठी परीक्षा दिली नाही ते बक्षीस कसलं! ऑलिंपियाडचा नंबर ही कमाई, शिक्षकांनी सुचवलेलं नाव ही मेहेरबानी. हे लोक अकरावीतलं बुक ॲवॉर्ड, म्हणजे एखाद्या कॉलेजच्या नावानं शाळेत मिळालेलं पुस्तकाचं बक्षीस, ड्रॉवरमध्ये ठेवून देतात आणि रेझ्युमेवर सातवीतल्या स्पेलिंग बीचा तिसरा नंबर लिहितात. दुसऱ्या पंथाला शाळेच्या लेटरहेडवर आलेला प्रत्येक कागद पद्मश्री वाटतो. दोन्ही पंथांत इंजिनियर भरपूर आहेत, हे निरीक्षण जाता जाता.

मी पहिल्या पंथाशी जास्त भांडते. परीक्षेला कोणीही फी भरून बसू शकतं. नॉमिनेशनला बसता येत नाही. ज्या माणसांनी तुमच्या मुलीला दोन-तीन वर्षं रोज वर्गात पाहिलंय, तिनं लॅबमधला पसारा आवरला की नाही हेही ज्यांना माहीत आहे, त्यांनी अख्ख्या वर्गातून तिचं नाव काढलेलं असतं. अडचण एकच. कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात बसून अर्ज वाचणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला दिसतं फक्त बक्षिसाचं नाव, आणि नावावरून फारसा बोध होत नाही.

तर आधी ही नावं निघतात कशी ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पत्र येतं. त्यात निकष असतात आणि मुदत असते. बहुतेक ॲवॉर्ड ज्युनियर वर्षातल्या, म्हणजे अकरावीतल्या मुलांसाठी असतात, आणि ती मे-जूनमधल्या ॲवॉर्ड्स नाइटला द्यायची असतात. काउन्सेलर विषयांच्या प्रमुखांना विचारतात. गणिताकडून तीन नावं येतात, सायन्सकडून चार, इंग्लिशकडून दोन, त्यातली निम्मी तीच ती. मग एक बैठक होते. ग्रेड बघितले जातात, शिक्षकांचे शेरे वाचले जातात. कोणीतरी म्हणतं की हा मुलगा हुशार आहे पण ग्रुप प्रोजेक्टमध्ये इतरांना बोलू देत नाही. कोणीतरी एखाद्या अबोल मुलीची बाजू लावून धरतं. आणि बऱ्याच शाळांमध्ये एक अलिखित रीत असते: एका मुलाला शक्यतो एकच. त्यामुळे "ह्याला हार्वर्डचं मिळालं आणि हिला स्मिथचं, म्हणजे हा वरचढ" असा हिशेब जे पालक पार्किंग लॉटमध्ये करतात, तो बैठकीतल्या कोणालाही ओळखू येणार नाही. स्मिथचं ॲवॉर्ड मुलींसाठीच असतं, रेन्सेलरचं गणित आणि सायन्ससाठी. कोणतं ॲवॉर्ड कोणाच्या अंगाला बसतं ते बघून वाटप होतं.

या बुक ॲवॉर्ड्सबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत. हार्वर्ड प्राइज बुक 1910 मध्ये सुरू झालं. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांचे क्लब ते चालवतात, शाळा मूल निवडते, आणि अभ्यास, चारित्र्य आणि अभ्यासाबाहेरचं काहीतरी भरीव काम असं तिन्ही बघितलं जाणं अपेक्षित असतं. येल, ब्राऊन, डार्टमाउथ, वेलस्ली यांचीही अशीच बुक ॲवॉर्ड आहेत. हातात पडतं एक पुस्तक, आत चिकटवलेली एक पट्टी आणि एक टाळी. रेन्सेलर मेडल 1916 पासून दिलं जातं, आणि त्याला एक खरीखुरी शेपटी आहे: ते मिळालेल्या मुलानं त्याच कॉलेजात अर्ज केला, प्रवेश मिळाला आणि तो तिथे गेला, तर स्कॉलरशिप मिळते. रोचेस्टर विद्यापीठाच्या नावानं शाळेत चार वेगवेगळी ॲवॉर्ड येतात. बॉश अँड लॉम्बचं सायन्ससाठी, झेरॉक्सचं तंत्रज्ञान आणि नवनिर्मितीसाठी, कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या नावाचं नेतृत्वासाठी, आणि फ्रेडरिक डग्लस व सुझन बी. अँथनी यांच्या नावाचं ह्युमॅनिटीज आणि समाजशास्त्रांसाठी. या सगळ्या कंपन्या आणि माणसं त्या एकाच शहराशी बांधलेली आहेत, हे मला इथे काम करायला लागल्यावर कळलं आणि उगाच आवडलं.

आता गैरसमज. हार्वर्डचं बुक प्राइज मिळालं म्हणजे हार्वर्डनं मुलाला हेरून ठेवलंय असं अजिबात नाही. निवड शाळेची, पुस्तक माजी विद्यार्थ्यांचं. ॲडमिशन ऑफिसचा त्या निवडीत हात नसतो. एका गृहस्थांनी मला फोनवर विचारलं होतं, "मग आता येलला अर्ज केला तर त्यांना राग नाही ना येणार?" मी म्हटलं, येलला पत्ताच लागणार नाही, आणि लागला तर आनंदच होईल की शाळेला हा मुलगा चांगला वाटतो.

दुसरा गैरसमज पातळीचा, आणि हा फॉर्म भरताना नडतो. कॉमन ॲपमध्ये ऑनर्ससाठी, म्हणजे सन्मान-बक्षिसांसाठी, पाच जागा असतात. प्रत्येक जागेत 100 कॅरॅक्टर, मधल्या मोकळ्या जागा धरून. सोबत इयत्ता निवडायची आणि पातळी निवडायची: शाळा, राज्य किंवा विभाग, देश, आंतरराष्ट्रीय. हार्वर्ड हे नाव बघून मुलं डोळे झाकून "देश" वर टिचकी मारतात. देशभरातल्या शाळांत दिलं जातं ना, मग राष्ट्रीयच की! पण मूल निवडलं गेलं ते स्वतःच्या शाळेतल्या मुलांमधून. ज्या गर्दीतून तुम्हाला उचललं ती गर्दी केवढी होती, ती तुमची पातळी. बुक ॲवॉर्ड शाळेच्या पातळीचं. अर्ज वाचणारा दरवर्षी असे ढीगभर बुक ॲवॉर्ड बघतो, त्याला ते कसं मिळतं हे पाठ असतं. तिथे "राष्ट्रीय" वाचलं की त्याची भुवई वर जाणार, आणि खालच्या चार ओळी तो त्याच भुवईनं वाचणार.

उलट "शाळा" असं लिहिल्यानं काही कमी होत नाही, जर पुढचे शब्द नीट असतील तर. त्यासाठी मुलांना मी एक काम सांगते, आणि ते पालकांनी करायचं नाही, मुलांनी करायचं. काउन्सेलरला साधी ईमेल लिहा आणि विचारा: हे ॲवॉर्ड कोण निवडतं, किती मुलांमधून, आणि कशासाठी? मे महिन्यातच विचारलंत तर उत्तम, कारण तेव्हा बैठकीची आठवण ताजी असते. सप्टेंबरात काउन्सेलरच्या डोक्यावर शिफारसपत्रांचा डोंगर असतो. समजा उत्तर आलं की सव्वाचारशे ज्युनियर्समधून एकच, सायन्सच्या सगळ्या शिक्षकांनी मिळून निवडलेला, संशोधनाच्या आवडीसाठी. झालं, तुमची ओळ तयार आहे. "बॉश अँड लॉम्ब सायन्स ॲवॉर्ड, 425 ज्युनियर्समधून सायन्स विभागानं निवडलेला एकमेव विद्यार्थी." हेच इंग्रजीत 100 कॅरॅक्टरमध्ये बसतं, थोडी काटछाट करावी लागते. "प्रतिष्ठित", "मानाचा", "अत्यंत स्पर्धात्मक" हे शब्द काढले की जागा आपोआप होते.

काही वेळा उत्तर गुळमुळीत येतं. "शिक्षकांनी सुचवलं होतं" एवढंच. मग तेवढंच लिहा. आकडा हवा म्हणून आकडा शोधून काढू नका. आमच्याच ऑफिसातून काउन्सेलरचं पत्र आणि स्कूल रिपोर्ट जातो, त्यात वर्गात किती मुलं आहेत हे छापलेलं असतं. दोन कागद शेजारी ठेवून वाचणारा माणूस पलीकडे बसलेला आहे.

कॅलिफोर्नियाचं वेगळं. यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, अर्ज कॉमन ॲपवर नसतो. तिथे ॲक्टिव्हिटी आणि ॲवॉर्ड मिळून वीसपर्यंत नोंदी करता येतात, आणि ॲवॉर्डसाठी ते सरळच विचारतात की हे कोणत्या निकषांवर मिळतं, त्याला 250 कॅरॅक्टर, आणि तुम्ही त्यासाठी काय केलंत, त्याला 350. मी ज्या तीन प्रश्नांची ईमेल लिहायला सांगते, तिचं उत्तर तिथे जवळजवळ जसंच्या तसं उतरवता येतं. आणि एक बारीक गोष्ट बघा. यूसी साधारणपणे शिक्षकांची शिफारसपत्रं मागवतच नाही. म्हणजे तुमच्या शिक्षकांना तुमच्याबद्दल काय वाटतं हे त्या अर्जात कुठून कळणार असेल तर अशा नॉमिनेशनच्या नोंदीतूनच. न्यू जर्सीत बसून बर्कलीला अर्ज करणाऱ्या मुलांनी ही नोंद गाळणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

आता खरा वादाचा मुद्दा: शाळेनं नाव पाठवलं, पण पुढे काही झालं नाही. मग?

मागे एका मुलीचं नाव शाळेनं युनायटेड स्टेट्स सिनेट यूथ प्रोग्रामसाठी पाठवलं होतं. हा कार्यक्रम सिनेटच्या 1962 च्या ठरावातून सुरू झाला. विद्यार्थी मंडळात किंवा तत्सम ठिकाणी निवडून आलेल्या वा नेमलेल्या ज्युनियर-सीनियर, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांनाच तो खुला असतो. दर राज्यातून दोघं, शिवाय वॉशिंग्टन डीसी आणि संरक्षण खात्याच्या शाळांमधून दोन-दोन, अशी 104 मुलं मार्चमध्ये आठवडाभर वॉशिंग्टनला जातात आणि प्रत्येकाला 10,000 डॉलरची स्कॉलरशिप मिळते. राज्यातून दोघंच, यावरून गाळणी किती बारीक आहे ते समजा. ही मुलगी राज्याच्या फेरीत गळली.

तिचे वडील म्हणाले, "हरलेलं कशाला लिहायचं?" त्यांच्या डोक्यात क्रिकेटची सेमीफायनल असावी. तिची आई म्हणाली, "प्रोग्रामचं नाव लिहू, पुढे काही बोलायचंच नाही. खोटं कुठे आहे?" मुलगी दोघांच्या मध्ये बसून फोनवर बोट फिरवत होती.

वडिलांचं चूक होतं. शाळेनं संपूर्ण विद्यार्थी मंडळातून एक नाव पुढे केलं, मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली, ही गोष्ट घडून गेलेली आहे. राज्यानं पुढे कोणाला निवडलं त्यामुळे ती पुसली जात नाही. आईचं जास्त चूक होतं. नुसतं "सिनेट यूथ प्रोग्राम" असं लिहिलं की वाचणारा समजणार की मुलगी वॉशिंग्टनला जाऊन आली. आणि त्याला शंका आली तर एका फोनचं काम आहे, तो फोन बहुधा मीच उचलणार.

नॉमिनी, सेमीफायनलिस्ट, फायनलिस्ट, विजेता, या चार पायऱ्यांपैकी तुम्ही ज्या पायरीवर थांबलात तिचं नाव लिहा, आणि ते ओळीच्या सुरुवातीलाच लिहा, शेवटी लपवून ठेवू नका. त्या मुलीनं लिहिलं ते असं: "शाळेची नॉमिनी, यू. एस. सिनेट यूथ प्रोग्राम. विद्यार्थी मंडळातल्या कामासाठी मुख्याध्यापकांनी पाठवलेलं एकमेव नाव." पातळी: शाळा. पाचांत तिसरी. माझ्या मते ती दुसरी हवी होती, पण ती मुलगी माझं ऐकणाऱ्यांतली नव्हती आणि मला ती त्यामुळेच आवडायची.

जे नाव पाठवलंय हे मुलाला कळवलंच जात नाही, त्याचं काय? असंही होतं. काही ॲवॉर्ड्ससाठी शिक्षक परस्पर नाव देतात, निकाल लागला नाही तर विषय तिथेच मिटतो. एखाद्या शिक्षकानं बोलता बोलता "मी तुझं नाव दिलं होतं" म्हटलं म्हणून ते रेझ्युमेवर जात नाही. कागद असला पाहिजे, किंवा काउन्सेलरनं दुजोरा दिलेला असला पाहिजे.

बॉइज स्टेट आणि गर्ल्स स्टेटवर दरवर्षी गोंधळ होतो. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेनं 1935 मध्ये इलिनॉयला पहिलं बॉइज स्टेट भरवलं, तिच्या जोडसंस्थेनं, लीजन ऑग्झिलरीनं, दोन वर्षांनी गर्ल्स स्टेट. मुलं आठवडाभर एकत्र राहतात, काल्पनिक शहरं आणि पक्ष तयार करतात, निवडणुका लढवतात, कायदे मांडतात. शाळा आणि लीजनची स्थानिक शाखा मिळून नावं ठरवतात. मग हा सन्मान की ॲक्टिव्हिटी? माझं साधं उत्तर: निवड होणं हा सन्मान, आठवडाभर तिथे जे केलं ती ॲक्टिव्हिटी. पण एकाच गोष्टीला दोन जागा देण्याइतकी चैन क्वचितच परवडते. तुमच्या ऑनर्सच्या पाच जागा भरत नसतील तर तिथे लिहा. ॲक्टिव्हिटीच्या दहा जागांमध्ये जागा असेल आणि तिथे जाऊन तुम्ही काही केलं असेल, म्हणजे महापौर झालात, विधेयक मांडलंत, निवडणूक दणकून हरलात तरीसुद्धा, तर ॲक्टिव्हिटीत लिहा आणि 150 कॅरॅक्टरच्या वर्णनात "शाळेनं निवडलेला प्रतिनिधी" हे शब्द घाला. आर्कान्सातून निवडून गेलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलानं 1963 च्या जुलैमध्ये बॉइज नेशनच्या, म्हणजे बॉइज स्टेटच्या देशपातळीवरच्या पुढच्या पायरीच्या, तुकडीबरोबर व्हाइट हाउसच्या बागेत राष्ट्राध्यक्ष केनेडींशी हात मिळवला होता, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. बिल क्लिंटननं ते कुठल्या रकान्यात भरलं असेल, कोण जाणे.

नॅशनल ऑनर सोसायटीबद्दल थोडक्यात. ही 1921 पासूनची संस्था आहे, राष्ट्रीय पातळीवर किमान 3.0 जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची, अट आहे, पुष्कळ शाळा ती वर नेतात, आणि शेवटची निवड त्याच शाळेतल्या शिक्षकांची समिती करते. इतक्या मुलांकडे ती असते की पाच जागांत तिला पहिली जागा देऊ नका. तुम्ही तिथे पदाधिकारी असाल तर ॲक्टिव्हिटीत जास्त शोभेल.

आणि आता ती सोनेरी शिक्क्याची पाकिटं. जाड कागद, गरुडाचं चित्र, मुलाचं पूर्ण नाव, "तुमची निवड झाली आहे", "तुमच्या शिक्षकानं तुमचं नाव सुचवलं आहे", आणि तिसऱ्या पानावर काही हजार डॉलरची फी. आईबापांचा ऊर भरून येतो. मी समजू शकते, परक्या देशात मुलाचं नाव असं छापून आलं की कोणाचाही येईल. यातले काही कार्यक्रम वाईट नसतात, मुलं एखादं शहर बघतात, चार मित्र जोडतात. पण पत्र आलं म्हणजे शाळेनं निवडलं असा अर्थ होत नाही. नावं बऱ्याचदा परीक्षेच्या वेळी किंवा शाळेत भरून घेतलेल्या सर्वेक्षणातून गेलेली असतात. ओळखायची खूण सोपी आहे: काउन्सेलरला विचारा, आपण हे नाव पाठवलंय का? "कुठलं हे?" असं उत्तर आलं तर ते शाळेचं नॉमिनेशन नाही. मूल गेलं असेल, तर तो उन्हाळ्यातला कार्यक्रम म्हणून ॲक्टिव्हिटीत लिहायला हरकत नाही. ऑनर्समध्ये नको. ॲडमिशनवाल्यांना ही नावं आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असतात.

रेझ्युमेचं म्हणाल, तर तो प्रत्येक कॉलेज मागत नाही. काही कॉलेजं अपलोड करायची सोय देतात. स्कॉलरशिपला, मुलाखतीला आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकाला द्यायला मात्र तो लागतोच. तिथे 100 कॅरॅक्टरचा जाच नाही, म्हणून मुलं मोकाट सुटतात. एक पान. "ॲवॉर्ड्स" असं एकच शीर्षक, त्याखाली वजनाप्रमाणे क्रम, तारखेप्रमाणे नाही. नॉमिनेशन्सचा वेगळा कप्पा करायचा नाही, कारण वेगळा काढला की ती दुय्यम दिसतात. प्रत्येकासमोर देणारी संस्था, महिना-वर्ष, आणि किती जणांतून, कोणी, कशासाठी याचं अर्धं वाक्य. ऑनर रोल, म्हणजे चांगल्या ग्रेडवाल्यांची शाळेची यादी, लिहायची गरज नाही, ट्रान्सक्रिप्ट बोलतं. आठवीच्या आधीचं काहीही नको, अगदी राष्ट्रपतींनी सही केलेलं प्रमाणपत्र असलं तरी.

पण ज्याच्याकडे बुक ॲवॉर्ड नाही, मेडल नाही, आहे ते फक्त "स्टुडंट ऑफ द मंथ"? तेही लिहा, आणि कारणासकट लिहा. एक मुलगा आठवतो, संध्याकाळी दुकानात काम करणारा, क्लब-बिब कशात नसलेला. त्याला ते मिळालं होतं नव्यानं आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलांना जेवणाच्या सुट्टीत वर्गांपर्यंत पोचवायचा म्हणून. नाव सुचवलं होतं ईएसएलच्या, म्हणजे अशा मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या, बाईंनी. त्याच्या फॉर्ममध्ये नुसतंच "स्टुडंट ऑफ द मंथ, ऑक्टोबर" असं होतं. महिना कापा, म्हटलं, आणि तिथे बाईंनी काय म्हटलं होतं ते घाला. त्यानं घातलं. पाचपैकी त्याच्या दोनच जागा भरल्या होत्या. तीन रिकाम्या ठेवल्या, तेही बरोबरच केलं. रिकाम्या जागेला मार्क कापत नाहीत, पण भरीला भर म्हणून घातलेलं लगेच ओळखू येतं.

राहता राहिला निकाल उशिरा लागण्याचा प्रश्न. एक नोव्हेंबरला अर्ज जातो आणि राज्याचा निर्णय डिसेंबर-जानेवारीत येतो, असं हमखास होतं. अर्ज पाठवताना जी स्थिती असेल ती लिहा: नॉमिनी, निकाल यायचा आहे. "अपेक्षित विजेता" असलं काही लिहू नका. हा शब्द मी एका रेझ्युमेवर खरंच वाचलाय. पुढे चांगली बातमी आली तर कॉलेजच्या पोर्टलवर अपडेट टाकायची सोय असते का बघा. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा फॉर्म असतो, काही ठिकाणी आपल्या भागाचं काम बघणाऱ्या ॲडमिशन ऑफिसरला चार ओळींची ईमेल चालते, आणि काही कॉलेजं स्पष्ट सांगतात की आणखी काही पाठवू नका, तिथे पाठवू नका. काउन्सेलरलाही कळवा, कारण जानेवारी-फेब्रुवारीत मिडइयर रिपोर्ट, म्हणजे बारावीच्या अर्ध्या वर्षाचे ग्रेड, आमच्याकडूनच जातो आणि त्यासोबत तीही दोन शब्द लिहू शकते. ज्या कॉलेजांना अजून अर्ज गेलेला नाही, त्यांच्यासाठी कॉमन ॲपमधली ओळ पाठवण्याआधी बदलता येते. ती बदलायला मुलं विसरतात आणि जानेवारीतल्या अर्जातही ऑक्टोबरातलं "नॉमिनी" तसंच राहतं. डिसेंबरच्या सुट्टीत एकदा उघडून बघा. आणि मला फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर, ऑफिसच्या नंबरवर नको.